मालक हजर, काम चालू

१

बाबा गेले त्याला आठ महिने झाल्यावर एका सरकारी कागदाने मला कळवलं, की मागच्या मंगळवारी दुपारी सव्वाबारा वाजता ते दुकानात बसून काम करत होते.

मदत कार्यालयातल्या मॅडमनी टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. डावीकडे बाबांच्या मृत्यूचा दाखला. तो त्याच सकाळी मीच तीन नंबरच्या खिडकीत दिला होता, अर्जावर आईचं नाव लावायचं म्हणून. उजवीकडे निरीक्षकाचा अहवाल. ‘विद्युत उपकरणे दुरुस्ती. मालक हजर, काम चालू.’ आणि त्याखाली बाबांची सही, शेवटच्या अक्षराची शेपटी मागे वळवून नावाखालून ओढलेली.

“आता तुम्हीच सांगा,” मॅडम म्हणाल्या, “यातला खोटा कागद कुठला?”

“दाखला खरा आहे. मी तिथे होते.”

त्यांनी पाण्याचा पेला माझ्याकडे सरकवला आणि आवाज पुन्हा सरकारी केला.

योजना साधी होती. साथीत बसलेले छोटे धंदे उभे राहावेत म्हणून, दुकान आणि राहती जागा एकाच इमारतीत असेल तर दोन्हींचं वर्षाचं भाडं सरकार परस्पर घरमालकाला देणार. अट एकच: धंदा चालू असला पाहिजे आणि तो निरीक्षकाने डोळ्यांनी पाहिला पाहिजे. अर्ज बाबा असतानाच त्यांच्या नावाने गेला होता. तपासणी ते गेल्यावर आठ महिन्यांनी आली, म्हणजे सरकारी मानाने घाईघाईतच.

बाबांचं दुकान खाली, वर दोन खोल्या. त्या खोल्यांत आई एकटी. घरमालकाने महिनाअखेरीस जागा सोडायची नोटीस दिली होती.

“शुक्रवारी पाच वाजता यादी बंद होते,” मॅडम म्हणाल्या. “ही सही कोणी केली ते त्याआधी लेखी आणा. नाहीतर अर्ज बाद, आणि मला पोलिसांना कळवावं लागेल.”

आज बुधवार होता. दुपार झाली होती.

“आणखी एक,” त्या अहवालाची प्रत माझ्या हातात देत म्हणाल्या. “तुमच्या ओळीतली बाकीची तीन दुकानंही वाचा. तिथले मालक जिवंत आहेत ना?”

“आहेत की.”

“अहवालाप्रमाणे तिघेही गैरहजर. चार दुकानांत हजर सापडले ते फक्त तुमचे वडील.”

२

मी आत्याला फोन केला. बाबांची ही धाकटी बहीण चौतीस वर्षं रेल्वेत तिकीट तपासनीस होती. नोकरीतून निवृत्त झाली, नजर निवृत्त व्हायची राहिली. समोर माणूस आला की ती आधी त्याच्या पायांकडे बघते. “तोंड सराईत असतं गं,” ती म्हणते, “पाय बिचारे नवखे असतात. फुकट्याचे पाय आधीच दाराकडे वळलेले असतात.”

आम्ही दोघी आईकडे पोचलो तेव्हा ती पलंगावर बसून तांदूळ निवडत होती. गुडघ्याला पट्टा, उशाशी गरम पाण्याची पिशवी, पलंगाखाली निळ्या पट्ट्यांच्या चपला जोडून ठेवलेल्या. गेले सहा महिने गुडघ्यामुळे ती जिना उतरली नव्हती. दर रविवारी मी येऊन आठवड्याचं सामान भरून जायची, आणि दर रविवारी माझ्याकडे राहायला चल म्हणायची. दर रविवारी ती म्हणायची, “बघू.”

मी सगळं सांगितलं. आई तांदूळ निवडत राहिली.

“हजर होते म्हणे?” ती शेवटी म्हणाली. “मग वर जेवायला का नाही आले?”

“आई, पोलिसांची गोष्ट आहे.”

“असेल. वन्सं, चहा टाकू? पण तुम्हालाच टाकावा लागेल. माझा पाय बघताय ना.”

“बघतेय, वहिनी,” आत्या म्हणाली.

चहा झाल्यावर आम्ही आतल्या जिन्याने खाली दुकानात उतरलो. बाबा गेले त्या आठवड्यानंतर मी तिथे पाय ठेवला नव्हता. पुढच्या काउंटरवर बोटभर धूळ होती. खुंटीवर बाबांचा लांब खाकी कोट. कामाचं टेबल मात्र मागे, जिन्याच्या दाराशी. आत्याने त्यावरून बोट फिरवलं आणि मला दाखवलं. स्वच्छ.

मी फळीकडे बघितलं. बाबा गेले तेव्हा तिथे लोकांच्या सत्तावीस वस्तू दुरुस्तीला पडलेल्या होत्या. इस्त्र्या, मिक्सर, पंखे, प्रत्येकीला चिठ्ठी बांधलेली. यादी मीच केली होती.

आता फळीवर दोनच होत्या.

“आत्या, चोरी झालीये!”

“पंचवीस बिघडलेल्या वस्तू नेल्या,” आत्या म्हणाली, “आणि जाताना टेबल पुसून गेला. फारच वळणाचा चोर दिसतो.”

३

आत्याने चौकशी सलूनपासून सुरू केली. सलूनकाका रिकाम्या खुर्चीमागे उभे राहून वर्तमानपत्र वाचत होते.

“मंगळवारी सव्वाबाराला कुठे होता?”

“इथेच! आणखी कुठे जाणार? सकाळपासून हललो नाही.”

टेलरमास्तरही हलले नव्हते. मशीनच्या चाकावर हात ठेवून शपथ घ्यायलाही ते तयार होते. झेरॉक्सताईंनी तर उलट विचारलं, “मी दुकान सोडून गेले तर यंत्राला ऊन कोण दाखवेल?” यंत्राला ऊन कशाला, हे विचारायचं आम्हाला दोघींनाही सुचलं नाही.

आत्याने तिघांना सलूनमध्ये गोळा केलं, चष्मा लावला आणि अहवाल मोठ्याने वाचला.

“‘सलून. ग्राहक एक, खुर्चीत, तोंडावर टॉवेल. मालक गैरहजर. शिलाईकाम. ग्राहक एक, माप देण्यासाठी हात पसरून उभा. मालक गैरहजर. झेरॉक्स. ग्राहक एक, कोऱ्या कागदाची प्रत काढून मागतो. मालक गैरहजर.’” तिने चष्मा काढला. “ज्या ओळीत महिनाभर कुत्रं फिरकलं नाही, तिथे एकाच वेळी तीन ग्राहक? कोऱ्या कागदाची प्रत कोणाला हवी होती?”

टेलरमास्तर जमिनीकडे बघू लागले.

“मास्तर, तुमचे पाय दाराकडे वळलेत,” आत्या म्हणाली.

“गडबडीत हाताला कोराच लागला,” मास्तर पुटपुटले.

मग सगळं बाहेर आलं. निरीक्षकाला दुकानात ग्राहक दिसला पाहिजे, असं कोणीतरी कोणालातरी सांगितलं होतं. ग्राहक आणायचा कुठून? तेव्हा तिघांनी ठरवलं, की निरीक्षकाची स्कूटर वळणावर दिसली की एकमेकांचे ग्राहक व्हायचं. कोणी कोणाकडे जायचं तेही ठरलं. दुकानात मागे कोणी थांबायचं, तेवढं ठरवायचं राहिलं.

“म्हणजे मी मास्तरांकडे हात पसरून उभा,” सलूनकाका म्हणाले, “आणि मास्तरांचा पत्ता नाही! पाच मिनिटं तसाच. निरीक्षक दारातून विचारतात, मालक कुठेत? मी म्हटलं, येतीलच, कात्री आणायला गेलेत.”

“माझ्याकडे कात्र्या चार आहेत,” मास्तर दुखावून म्हणाले.

“आणि टॉवेलखाली?” आत्याने विचारलं.

झेरॉक्सताईंचा चेहरा लाल झाला.

“पुरुषांचं सलून आहे ते,” त्या म्हणाल्या. “तोंड झाकू नको तर काय करू? वर निरीक्षक विचारतात, ‘दाढी का?’ मी नुसता हुंकार भरला.”

मला हसू आलं. आठ महिन्यांत पहिल्यांदाच इतकं, की भिंतीला टेकावं लागलं. आत्या मात्र बोटांवर हिशेब करत होती.

“तुम्ही तिघे एकमेकांच्या दुकानांत. मग दादाच्या दुकानात कोण होतं?”

सलूनकाकांनी वर्तमानपत्राची घडी केली, उलगडली, पुन्हा केली. मग खणातून एक ड्रायर काढून दोन बोटांनी टेबलावर ठेवला.

“हा साथीच्या आधी तुझ्या बाबांकडे दुरुस्तीला दिला होता,” ते मला म्हणाले. “दोन महिन्यांपूर्वी सकाळी दुकान उघडलं तर पायरीवर. दुरुस्त होऊन. चिठ्ठीसकट.” त्यांनी आवाज उतरवला. “अजून एकदाही चालू केलेला नाही. गेलेल्या माणसाने दुरुस्त केलेल्या वाऱ्याखाली गिऱ्हाइकाचं डोकं कसं धरायचं?”

“माझी इस्त्रीही आली,” मास्तर हळूच म्हणाले. “मी वापरतोय. चांगली तापते.”

चिठ्ठीवर अक्षर बाबांचंच होतं: ‘आतली तार जळली होती. बदलली. वायर गुंडाळून ठेवू नये.’

पण त्या चिठ्ठीवरची तारीख दोन महिन्यांपूर्वीची होती.

४

निरीक्षक गुरुवारी सकाळी मदत कार्यालयात सापडले. टेबलाभोवती काचेची भिंत, काचेला एक भोक, भोकाशी जंतुनाशकाची बाटली. आत्याने भोकातून बोलायला सुरुवात करताच ते खुर्चीसकट मागे सरकले.

“अतिशय कष्टाळू गृहस्थ,” ते बाबांबद्दल म्हणाले. “त्या ओळीत तेवढा एकच माणूस कामाचा. लांब खाकी कोट, टोपी, तोंडाला मास्क, वरून प्लास्टिकची ढाल. किती ती काळजी! मी म्हटलं, सगळे असे वागले तर साथ येईलच कशाला.”

“बोलले काही?”

“हाताने खूण केली, थांबा म्हणून. हातात सोल्डरिंगची तापलेली कावी होती, तारेला डाग देत होते. मग मी विचारलं, मालक आपणच ना? त्यांनी मान हलवली.”

“कशी? हो अशी, की काय कटकट आहे अशी?”

निरीक्षकांनी विचार केला. “दुसरी जास्त वाटली,” ते प्रामाणिकपणे म्हणाले.

“तुम्ही आत गेला होतात?”

“उंबऱ्यावरून सगळं नीट दिसतं.” ते बाटलीकडे बघू लागले. “अहवाल पुठ्ठ्याला लावून काठीने आत सरकवला. सही होऊन परत आला.”

“काठीने?” मी विचारलं.

“दोन मीटरची आहे. कार्यालयाने दिलेली नाही, माझी स्वतःची.”

“शटर उघडं होतं?” आत्याने विचारलं.

“जेमतेम गुडघ्याएवढं. मी ठोठावलं, मग आतून कमरेएवढं वर गेलं, मी वाकून बघितलं.”

“म्हणजे आधी तुम्हाला काय दिसलं? पाय.” आत्या काचेच्या अगदी जवळ गेली. “साहेब, आठवून सांगा. पायात काय होतं?”

“चपला. निळ्या पट्ट्यांच्या.” ते थांबले. “आता तुम्ही विचारताय म्हणून. पाय लहान होते हो. एवढ्या मोठ्या कोटाच्या मानाने फारच लहान.”

आत्याने त्यांचे आभार मानले. परत येताना ती एक शब्द बोलली नाही. आत्या गप्प बसते ती फक्त उत्तर सापडल्यावर, आणि ते आवडलेलं नसल्यावर.

५

आई पलंगावर तांदळाचं ताट घेऊन बसली होती. आत्याने तिला काही विचारलं नाही. खाली वाकली, पलंगाखालची डावी चप्पल उचलली, उलटी केली आणि माझ्यापुढे धरली. तळव्याच्या खाचांत तांब्याच्या तारेचे बारीक तुकडे रुतले होते. मध्येच डाग दिल्याचा एक चकचकीत थेंब.

“सहा महिने पलंगावरून न उतरलेल्या बाईच्या चपलेला तांब्याची तार कशी लागते, वहिनी?”

आईने ताट बाजूला ठेवलं. गुडघ्याचा पट्टा सोडला, घडी करून उशीखाली ठेवला आणि सरळ उठून उभी राहिली.

“उकडतं त्यात फार,” ती म्हणाली.

“आई!”

“ओरडू नकोस. सत्तावीस घरांच्या वस्तू पडून होत्या. आपलं माणूस गेलं म्हणून दुसऱ्याचा मिक्सर अडकवून ठेवायचा का? एकेक करून दिल्या. जवळच्यांच्या पहाटे पायरीवर ठेवल्या, लांबच्यांना फोन करून सांगितलं, जिन्यात ठेवलंय, घेऊन जा.”

“पण तुला हे येतं कधीपासून?”

आईने आत्याकडे बघितलं. आत्याने खिडकीकडे.

“यांचे हात कापायला लागले तेव्हापासून. चार वर्षं होतील. बारीक तार धरता येईना. मग हे पुढे काउंटरवर बसायचे, गिऱ्हाइकांशी बोलायचे, बिघाड काय ते कानाने ओळखायचे. मागे टेबलावर मी. चिठ्ठ्या मी लिहायची, त्यांच्या वळणाने. सह्याही. बाईने जोडलेली इस्त्री म्हटलं असतं तर कोणी हातात धरली असती का?”

“मला कोणी सांगितलं नाही.”

“सांगायचं नाही असंच ठरलं होतं. वन्संनाही हात कापतात एवढंच माहीत होतं. तू आलीस की ते हात खिशात घालून बसायचे.”

मला ते आठवलं. खिशात हात घालून काउंटरमागे ऐटीत बसलेले बाबा. मी त्यांना जहागीरदार म्हणून चिडवायची आणि ते हसायचे. बाकी आमचं बोलणं फोनवर. फोनवर हात दिसत नाहीत.

“आणि गुडघा?” मी विचारलं.

“गुडघा दुखतो म्हटलं की दिवसभर खाली काय करतेस असं कोणी विचारत नाही. विचारलं असतंस तर दुकान काढून टाक म्हणाली असतीस.”

म्हणाले असते. गेल्या रविवारीच म्हणणार होते.

“पण वहिनी, सरकारी कागदावर सही?” आत्या म्हणाली.

“तो माणूस काठीने कागद ढकलतो आणि म्हणतो, मालकाची सही. चार वर्षं मालकाची सही मीच करतेय. हात आपोआप गेला. कागद परत गेल्यावर लक्षात आलं.” ती पुन्हा पलंगावर टेकली. “आता मला धरून नेतील का हो?”

६

शुक्रवारी साडेचारला आम्ही तिघी मॅडमच्या टेबलापुढे बसलो. आमच्यामागे साक्षीदार म्हणून सलूनकाका, टेलरमास्तर आणि झेरॉक्सताई ओळीने उभे.

“तुमची दुकानं आता कोण बघतंय?” मॅडमनी विचारलं.

तिघांनी एकमेकांकडे बघितलं.

आत्याने सगळं सांगितलं. पळापळ, टॉवेल, ड्रायर, चपला. तिच्या सांगण्यावरून मी लिहून सही केलेला जबाब आईने पुढे केला. मॅडमनी तो दोनदा वाचला आणि कपाळावर हात ठेवला.

“ही खोटी सही आहे. हे तुम्हाला कळतंय ना?”

“कळतंय,” आई म्हणाली.

“मॅडम, योजनेत मालक कोणाला म्हणायचं ते लिहिलेलं असेलच,” आत्या म्हणाली. “चौतीस वर्षं नियमांवर जेवले आहे मी. वाचा ना जरा.”

मॅडमनी पुस्तिका उघडली. “‘मालक म्हणजे व्यवसाय प्रत्यक्ष चालवणारी व्यक्ती.’” त्या थांबल्या. पुढचं मनातल्या मनात वाचलं. मग आईकडे बघितलं. “मंगळवारी तिथे काम कोण करत होतं?”

“मी.”

“त्याआधी चार वर्षं?”

“मीच.”

“मग मी पोलिसांना काय कळवू? की मालकाने मालकाची सही केली?” त्यांनी अहवाल उचलला. “आणि हे कळवलं, तर माझा निरीक्षक एकाही दुकानाच्या उंबऱ्याआत गेला नाही, सगळी पाहणी काठीने केली, हेही कळवावं लागेल. नको. अहवालच रद्द करते. चारही दुकानांचा.”

मागे कोणीतरी टाळी वाजवली. मास्तर असावेत.

“थांबा. सोमवारी मी स्वतः येणार. मालक आपापल्या दुकानात. ग्राहक नसला तरी चालेल, पण टॉवेलखाली कोणी दिसलं तर टॉवेल उचलून बघणार.” झेरॉक्सताई मास्तरांच्या मागे सरकल्या. “तुम्हा तिघांची नावं फेरतपासणीचा शेरा मारून यादीत ठेवते. यांचं मात्र ठेवता येत नाही. तो अर्ज गेलेल्या माणसाचा आहे. नवा लागेल, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या सहीने, पाचच्या आत. तो आला, तर महिनाअखेर घरमालक तुम्हाला हात लावू शकणार नाही.”

कोरा अर्ज पुढे आला. मी भराभर भरला. व्यवसाय, पत्ता, वर राहत्या खोल्या दोन. व्यवसायातला अनुभव या रकान्याशी थांबले, तर आई म्हणाली, “चार लिही. त्याआधी नुसतं बघत होते.” पाचला सात मिनिटं कमी असताना मी कागद तिच्याकडे वळवला आणि सहीची जागा दाखवली.

तिने पेन टेकवलं. पेन तिथेच राहिलं.

“काय झालं?” मी विचारलं.

ती माझ्या कानाशी आली. “माझी सही कशी होती गं?”

मला माहीत नव्हतं. मी आठवायचा प्रयत्न केला आणि माझ्या लक्षात आलं, की ती मी कधी पाहिलेलीच नाही. मी आत्याकडे बघितलं. आत्याने मान हलवली.

“वहिनी, कशीही करा,” ती म्हणाली. “ताडून बघायला कोणाकडे जुनी नाही.”

आईने रद्दीच्या कागदाच्या कोपऱ्यावर पेन फिरवून बघितलं. हात पुन्हा पुन्हा बाबांच्या शेपटीकडे वळत होता. दोनदा ती निम्म्यात थांबली, दोनदा खोडलं. सगळी खोली घड्याळाकडे न बघण्याची धडपड करत होती. मग तिने अर्ज जवळ ओढला, खाली वाकली, आणि शाळेत पाटीवर लिहावं तसं एकेक अक्षर सुटं काढून आपलं पूर्ण नाव लिहिलं. शेवटी वरची रेघ सावकाश, एका दमात मारली.

मॅडमनी कागद घेतला, नीट बघितला आणि शिक्का मारला.

“आता हीच कायम ठेवा,” त्या म्हणाल्या. “बदलू नका.”

“ठेवते,” आई म्हणाली. “जरा सवय होऊ दे.”